समंजस उष्णता? नको, प्रकट आणि अप्रकट

घाटकोपरच्या एक ताई शहरातल्या उकाड्यावरच्या अहवालाचा मराठी अनुवाद करत आहेत. उपग्रह आणि जमिनीवरची उपकरणं यांच्या मदतीने जमिनीवरून हवेत किती उष्णता जाते ते काढलंय, असा विषय. त्यांचा प्रश्न: 'सेन्सिबल हीट फ्लक्स' आणि 'लेटंट हीट फ्लक्स' यांना मराठीत काय म्हणायचं? भाषांतर करणाऱ्या यंत्राने पहिल्याचं 'समंजस उष्णता प्रवाह' करून दिलं. (मुंबईतला मे महिना आणि समंजस!) दुसऱ्यासाठी 'गुप्त', 'सुप्त' आणि 'अप्रकट' असे तीन शब्द त्यांच्यापुढे आहेत.

माझं मत 'अप्रकट'ला. 'गुप्त ऊष्मा' हिंदीतलं. 'सुप्त उष्णता' मराठीत रुळलेलं आहे, चूकही नाही. पण सुप्त म्हटलं की काहीतरी पडून राहिलंय असं वाटतं. ही उष्णता पडून राहत नाही, राबते. पाण्याची वाफ करण्यात ती खर्च होते, फक्त पाऱ्याला दिसत नाही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातही 'अप्रकट उष्मा' आहे. मात्र 'उष्मा' मी टाळेन. 'आज काय उष्मा आहे हो' असं आपण घाम पुसत म्हणतो, त्यामुळे हवामानाच्या लेखात तो शब्द दोन अर्थांनी वाचला जाईल. 'उष्णता'च बरं.

'सेन्सिबल'चा इथला अर्थ जाणवणारी, म्हणजे तापमान वाढवणारी. त्याला 'संवेद्य' म्हणतात, पण 'संवेद्य' वाचून कुणाला काही जाणवेल असं मला वाटत नाही. 'अप्रकट'चा जोडीदार 'प्रकट' हाताशी असताना आणखी कुठे शोधायचं?

हे नुसतं शब्दांवरून सांगत नाही. लोहार चाळीतून आणलेली, वस्तूला न टेकता तापमान सांगणारी बंदूक माझ्याकडे आहे. गेल्या मे महिन्यात दुपारी गच्चीवर कोरड्या लादीवर धरली तर ४९ अंश. शेजारीच लादीवर ओला पंचा पसरला होता, त्यावर ३४. ऊन दोघांवर तेच. लादी तापून वरच्या हवेला झळ देत होती, ती प्रकट उष्णता. पंच्यावर पडणाऱ्या उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात जात होता, म्हणून आकडा खाली. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ मेगाज्यूल लागतात. लाइट बिलाच्या भाषेत पाऊण युनिटाला थोडं कमी. पंचा वाळेपर्यंत ही उष्णता हवेत गेली, आणि बंदुकीला तिचा पत्ताही लागला नाही.

लँडसॅट हा उपग्रह ७०५ किलोमीटरवरून साधारण हीच बंदूक रोखतो. पृष्ठभागातून निघणारी अवरक्त किरणं मोजून तो पत्र्याचं, डांबराचं, बोरीवलीच्या जंगलाचं तापमान सांगतो. वाफ त्याला मोजता येत नाही. म्हणून हिशोब उलटा करतात. जमिनीला मिळालेल्या निव्वळ प्रारणातून (म्हणजे किरणांवाटे आलेल्या ऊर्जेतून परत गेलेली वगळून उरते ती) जमिनीत मुरलेली उष्णता वजा करायची. मग पृष्ठभाग आणि हवा यांच्या तापमानातला फरक आणि वारा यांवरून प्रकट वाटा काढून तोही वजा करायचा. बाकी उरते ती अप्रकट. वजाबाकी केल्याशिवाय जी समोर येतच नाही, तिला याहून चपखल नाव कुठलं?

इथे जमिनीवरचा पक्ष मात्र हरकत घेईल. मनोऱ्यावर बसवलेली उपकरणं सेकंदाला १० ते २० वेळा हवेचा वर-खाली वेग आणि तिच्यातली वाफ टिपतात, म्हणजे अप्रकट वाटा थेट मोजतात. कबूल. पण त्यांचीही जमा-खर्चाची वही जुळत नाही. दोन्ही वाटे मिळून उपलब्ध ऊर्जेपेक्षा १० ते ३० टक्के कमी भरणं ही त्या क्षेत्रातली जुनी डोकेदुखी आहे. शिवाय उपग्रहाला ढगांखालचं दिसत नाही, त्यामुळे पावसाळ्यात मुंबईपुरता तो जवळपास रजेवरच असतो.

ताई, आता जे विचारलं नाही, पण तुमच्या मसुद्यात दिसलं: 'उपग्रहाद्वारे उष्णतेचे आकलन'. हे हिंदी 'आकलन'. मराठीत आकलन म्हणजे समजणं. उपग्रहाला काही समजलं असा अर्थ होतो. 'अंदाज' लिहा. वजाबाकीने काढलेल्या आकड्याला 'अनुमान'ही शोभेल.

राहिला 'फ्लक्स'. 'अभिवाह' हा घडवलेला शब्द आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ठीक. 'प्रवाह' म्हटलं की विजेचा नाही तर पाण्याचा आठवतो. मला 'ओघ' आवडतो. पैशाचा ओघ, माणसांचा ओघ असं आपण म्हणतोच, आणि किती वेळात किती हे त्यात आपोआप येतं. नेमकेपणा हवा तिथे पहिल्यांदाच 'एका चौरस मीटरमधून दर सेकंदाला जाणारी उष्णता' असं सांगून टाका.

तर वाक्य असं करता येईल: 'उपग्रहाने टिपलेलं पृष्ठभागाचं तापमान आणि जमिनीवरच्या नोंदी यांची सांगड घालून प्रकट आणि अप्रकट उष्णतेच्या ओघाचा अंदाज बांधला आहे.' आलेखात जागा कमी पडली तर उभ्या अक्षावर 'अप्रकट, वॅट/चौ.मी.' एवढंच पुरे.