पॅरिसच्या कालव्यातून बोट 25 मीटर खाली सेन नदीत कशी उतरते?

पॅरिसचा सँ-मार्तँ कालवा सेन नदीपेक्षा इतक्या उंचीवर सुरू होतो, मग बोट खाली येते कशी आणि ती खरंच रस्त्याखालून जाते का, असं तुम्ही विचारलंय. मी त्या बोटीत बसलोय, वरून खाली आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कालवा जेमतेम साडेचार किलोमीटरचा. वरच्या अंगाला ला व्हिलेतच्या तलावात ऊर्क कालव्याचं पाणी येतं आणि खाली सेन. मध्ये नऊ लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. बोट भरलेल्या हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, मग खालच्या झडपा उघडून पाणी पुढे सोडतात. पाण्याबरोबर बोटही खाली जाते. पातळी पुढच्या पाण्याशी जुळली की पुढचा दरवाजा उघडायचा. दरवाजाच्या दोन फळ्या वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट बंद ठेवतो. बोट उतरवायला पंप लागत नाही, उचलायलाही नाही.

नऊपैकी आठ लॉक जोडीजोडीनं आहेत आणि जोडीत मधला दरवाजा सामायिक असतो. बोट एका हौदातून थेट दुसऱ्यात उतरते, पायऱ्या उतरल्यासारखी. सुरुवातीला तुम्ही काठावर बसलेल्या लोकांच्या बरोबरीला असता. मग शेवाळलेली ओली भिंत हळूहळू वर सरकते आणि थोड्या वेळानं डोक्यावर फक्त आकाशाचा तुकडा आणि झाडांचे शेंडे उरतात. मला आख्ख्या प्रवासात हेच सगळ्यात आवडलं.

एक हौद साधारण 40 मीटर लांब, आठएक मीटर रुंद, आणि प्रत्येक वेळी सरासरी पावणेतीन मीटरचा उतार. म्हणजे एका वेळी आठ-नऊ लाख लिटर पाणी खाली जातं! वरून पाणी येत राहिलं तरच हे चालतं, म्हणून ऊर्क कालव्याशिवाय या कालव्याला अर्थ नाही. मुळात नेपोलियननं 1802मध्ये ऊर्क नदीचं पाणी पॅरिसला आणायचं ठरवलं ते शहराला चांगलं पाणी मिळावं म्हणून. खर्चासाठी वाइनवर कर बसवला. सँ-मार्तँ 1825मध्ये खुला झाला. 1960च्या दशकात तो बुजवून मोटाररस्ता करायचा विचार चालला होता. तो बारगळला याचा मला मनापासून आनंद आहे.

आता रस्त्याखालचा भाग. तो सुमारे दोन किलोमीटरचा आहे. 1860च्या सुमारास पॅरिसची नव्यानं उभारणी करणाऱ्या ओसमान या अधिकाऱ्यानं कालव्याची पातळी खाली नेली आणि वर कमान घालून त्यावर रुंद रस्ता केला. वाहतूक हे एक कारण, पण खरं कारण मला दुसरं वाटतं: पूर्वेकडच्या कामगार वस्त्यांतल्या बंडखोरांना हा कालवा आयता खंदक होता. तो झाकला की सैन्याची वाट मोकळी. कमानीला ठरावीक अंतरावर गोल झरोके आहेत, त्यांतून उजेडाचे खांब पाण्यावर पडतात. बाकी काळोख, थंडावा आणि इंजिनाचा घुमणारा आवाज. शेवटी बोट बास्तीयच्या चौकाखालून जाते. वर जुलै स्तंभ आहे, आणि त्याच्या पायथ्याच्या तळघरात 1830च्या क्रांतीत मेलेल्यांचे अवशेष ठेवलेले आहेत. हे आधी माहीत असेल तर तिथून जाताना बोलणं आपोआप थांबतं.

बोगद्यातून बाहेर पडलं की लख्ख उजेडात आर्सनालचा धक्का, ओळीनं बांधलेल्या खासगी बोटी, आणि पुढे नववं, एकटंच असलेलं लॉक. सेनची पातळी कमीजास्त होत राहते, तिच्यापासून धक्क्याला सांभाळायचं काम हेच करतं.

मला एकूण जवळजवळ अडीच तास लागले. घाई असेल तर जाऊ नका. जाणार असाल तर पुढच्या बाजूला, उघड्यावर बसा. आणि शक्य असेल तर बोटीच्या आधी एक तास काठावर उभं राहून दुसरी एखादी बोट लॉकमधून उतरताना बघा. वरून दरवाजे आणि झडपा नीट दिसतात, बोटीतून ते कळत नाही.