पालकांशी बोलताना

चि.
अनेक आशीर्वाद.

बालवाडीतल्या मुलांशी तुझं पहिल्याच आठवड्यात जमलं, पण पालक समोर आले की शब्द सुचत नाहीत, असं लिहिलंयस. पालकसभेची तयारी कशी करायची, हेही विचारलंयस. सभेचं शेवटी सांगते. नातं जुळतं ते रोज दारात, मूल सोडताना आणि नेताना.

सकाळी मूल आईला बिलगून रडतं तेव्हा तुझं सगळं लक्ष मुलाकडे जातं. आईकडेही बघ. नवखी जागा, नवखं माणूस दिसलं की लहान मूल आधी आईच्या चेहऱ्याकडे बघतं आणि घाबरायचं की नाही ते तिथून ठरवतं. म्हणून आईचा तुझ्यावर विश्वास बसणं हा मूल रुळण्याचाच भाग आहे. ‘त्याचं लक्ष नसताना सटका’ असं तिला कधीही सांगू नकोस. ‘मी जाते, खाऊ खाऊन झाला की घ्यायला येते’ असं सांगून तिनं निघावं आणि बोललेली वेळ पाळावी. मूल बहुधा थोड्याच वेळात खेळायला लागतं. आईच्या कानात मात्र ते दुपारपर्यंत रडत असतं. ते शांत झालं की दोन ओळींचा निरोप पाठव. एवढ्यानं जे साधतं ते लांबलचक माहितीपत्रकानं साधत नाही.

नेताना ‘आज छान होता’ एवढंच म्हणू नकोस. ‘मनोरा पडला तरी आज रडली नाही, परत रचला’ असं सांग. आपल्या मुलीकडे कुणीतरी नीट बघतंय, हे पालकांना त्यातून कळतं. आणि पहिली तक्रार करण्याआधी अशा चांगल्या गोष्टी त्यांच्या कानावर पडलेल्या असू देत.

तक्रारीचे प्रसंग येणारच. दोन-अडीच वर्षांची मुलं चावतात. राग मोठा असतो आणि शब्द थोडे असतात. ‘तो चावरा आहे’ असं म्हणू नकोस. ‘गाडी हिसकावली गेली तेव्हा त्यानं चावा घेतला, मी दोघांना बाजूला घेतलं’ असं घडलं तसं सांग. चार पालकांसमोर नाही, बाजूला घेऊन. ज्याला चावलं त्याच्या घरी चावणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. मग विचार, ‘घरी असं झालं तर तुम्ही काय करता?’ आणि थांब. बाळ जन्माला आलंय, झोप मोडतेय, घर बदललंय, हे त्या थांबण्यातून कळतं. पालक मुलाला जन्मापासून ओळखतात. ते मुलांच्या घोळक्यात कसं वागतं हे तू ओळखतेस. दोघांकडे अर्धंच आहे.

बोलण्यात किंवा हालचालीत काही वेगळं जाणवलं तर दिसलं ते तारखांसह लिहून ठेव आणि तेवढंच सांग. बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सुचव. आजाराचं नाव तू घेऊ नकोस, ते आपलं काम नाही.

जे पालक येत नाहीत त्यांना बेफिकीर ठरवायची घाई करू नकोस. कामाच्या वेळा अडचणीच्या असतात. कुणाला स्वतःच्या शाळेचीच धास्ती असते. मूल न्यायला आजोबा येत असतील तर तेही तुझे पालकच. घरची भाषा वेगळी असेल तर पाणी, शू, दुखतंय यांचे त्या घरातले शब्द शिकून घे.

इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यात 1945 साली, युद्ध संपल्या संपल्या, गावकऱ्यांनी जर्मन सैन्यानं मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून मुलांसाठी शाळा उभारायला घेतली. लोरिस मालागुझ्झी हा तरुण शिक्षक ते ऐकून सायकलवरून तिथे गेला आणि तिथलाच झाला. आज जगभरातले बालशिक्षक रेज्जो एमिलियाच्या बालशाळांकडून शिकतात. पालकांना ‘सहभागी करून घेण्याची’ भाषा ऐकली की मला हे आठवतं. तिथे पालक आधी होते, शिक्षक मागून आला.

आता सभा. खुर्च्या गोलात मांड. मुलांची चित्रं, मातीकाम समोर ठेव आणि पालकांना हाताळू दे. नियम कागदावर दे, वाचून दाखवू नकोस. एखाद्या मुलाबद्दलचं काहीही सर्वांसमोर नको. त्यासाठी वेगळी वेळ दे. आणि पहिला अर्धा तास त्यांना बोलू दे.

सभा झाली की सविस्तर लिही.

तुझी,
ताई