हेसलाइट की सफायर

प्रिय,

ओमेगा कंपनीचं स्पीडमास्टर घड्याळ घ्यायचं ठरलं, पण कोणतं ते ठरत नाही, असं लिहिलंस. दुकानात तुझ्यासमोर दोन घड्याळं ठेवली, दोन्ही काळ्या डायलची, दोन्ही ४२ मिलिमीटरची, आणि "काचेचा काय तो फरक" म्हणून सांगितलं: एकावर हेसलाइटची काच, दुसऱ्यावर सफायरची. फरक काचेपासून सुरू होतो खरा, पण तिथे थांबत नाही.

ओमेगाने २०२१ पासून या दोन्हींत एकच यंत्र बसवलं आहे, ३८६१ क्रमांकाचं. मॉडेल क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे बघ. ००१ असतील तर हेसलाइट, ००२ असतील तर सफायर. हेसलाइटच्या डायलवर कंपनीचं चिन्ह छापलेलं असतं, सफायरच्या डायलवर ते धातूचं, वरून बसवलेलं. हेसलाइटचं मागचं झाकण बंद, सफायरचं पारदर्शक. हेसलाइटचा स्टीलचा पट्टा पूर्ण मॅट आहे, सफायरच्या पट्ट्यात मधूनमधून चकचकीत कड्या आहेत. हेसलाइटची काच घुमटाकार, त्यामुळे जाडी साधारण १३.६ मिलिमीटर, सफायरची १३.२. हा अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरक कागदावरच राहतो, शर्टाच्या बाहीला तो कळत नाही. चकचकीत कड्यांचा फरक मात्र रोज दिसतो, कारण चरे आधी तिथेच पडतात.

आता काच. हेसलाइट म्हणजे अ‍ॅक्रिलिक, सरळ भाषेत उत्तम प्रतीचं प्लास्टिक. "एवढे पैसे मोजून प्लास्टिक?" असं कुणीतरी तुला म्हणणारच. नासाने १ मार्च १९६५ रोजी हे घड्याळ मानवी मोहिमांसाठी मंजूर केलं, तेव्हाही त्यावर हीच काच होती. अ‍ॅक्रिलिकला तडा जातो, पण त्याच्या ठिकऱ्या उडत नाहीत. वजनरहित यानात काचेचे कण तरंगत डोळ्यांत जाणं किंवा उपकरणांत शिरणं परवडणारं नव्हतं. तुला यानात बसायचं नाही, तेव्हा तुझ्या कामाचा गुण दुसरा आहे: या काचेवरचे चरे घरी निघतात.

ते कसे, तेही सांगून ठेवतो. आधी बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावर, चिकटपट्टी गोल लाव, नाहीतर पेस्टने त्यावरचे टॅकिमीटरचे, म्हणजे वेग मोजायचे, आकडे फिके पडतील. पॉलिवॉचची पेस्ट हरभऱ्याच्या डाळीएवढी घे, कापसाच्या बोळ्यावर लाव आणि चऱ्याला आडवं, दोन-तीन मिनिटं चोळ. पुसून बघ, हवं तर पुन्हा कर. नखाला अडकेल इतका खोल चरा असेल तर आधी २००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवावा लागतो, पण पहिल्या खेपेला ते स्वतः करू नकोस. या काचेचा खरा वैरी अल्कोहोल आहे. सॅनिटायझर किंवा अत्तराचा फवारा वारंवार बसला की अ‍ॅक्रिलिकमध्ये केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या कुठल्याच पेस्टने जात नाहीत.

सफायर म्हणजे कृत्रिम नीलमाचा स्फटिक. त्याला चरा जवळजवळ पडत नाही. काठिण्याच्या मोजपट्टीवर त्याच्या वर फक्त हिरा. पण जे कठीण ते ठिसूळ. दगडी ओट्याच्या कडेवर आपटलं तर कोपरा उडू शकतो, आणि मग पेस्ट नाही, काच बदलायची. तिरक्या नजरेने पाहिलंस तर या काचेच्या कडेने दुधी वलय दिसतं. काहींना ते खटकतं, काहींना महिनोन् महिने दिसतच नाही. म्हणून दुकानातल्या दिव्यांखाली ठरवू नकोस. दोन्ही घड्याळं दाराशी, उन्हात नेऊन बघ.

मला विचारशील तर, एकच भारी घड्याळ असेल आणि ते रोज वापरायचं असेल, तर हेसलाइट घे. सफायर घ्यायला एकच खरं कारण आहे, मागचं झाकण. हे चावीचं घड्याळ आहे, त्यात ऑटोमॅटिकसारखा यंत्र झाकणारा फिरता रोटर नाही. क्रोनोग्राफचं, म्हणजे घड्याळातल्या स्टॉपवॉचचं, बटण दाबल्यावर तरफा सरकताना, दातेरी चाक बाजूने येऊन दुसऱ्यात अडकताना स्वच्छ दिसतं. रोज रात्री घड्याळ उलटं करून बघत बसणाऱ्यांपैकी तू असशील तर ००२ घे आणि परत मागे वळून बघू नकोस.

पैसे वाचवायला ३८६१ च्या आधीच्या, १८६१ क्रमांकाच्या यंत्राचं घ्यावं का, हा तुझा दुसरा प्रश्न. घ्यावं, पण काय सोडतोय ते कळून. ३८६१ ला दिवसाला शून्य ते अधिक पाच सेकंदांची हमी आहे आणि ते १५,००० गॉसचं चुंबकत्व सोसतं. १८६१ ला हे कवच नाही. स्पीकरवर किंवा चुंबकाच्या मोबाइल कव्हरशेजारी रात्रभर ठेवलंस तर सकाळी ते पुढे पळताना दिसेल. यंत्र बिघडलेलं नसतं, केसासारखी स्प्रिंग चुंबकित होऊन तिचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. घड्याळजी डीमॅग्नेटायझरवर मिनिटभरात सोडवतो. शिवाय १८६१ मध्ये चावी बाहेर ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही, तेव्हा सेकंदाला सेकंद लावायची हौस असेल तर चिडचिड होईल. उलट बाजूला, हे यंत्र लेमानिया या स्विस यंत्र-कंपनीच्या घराण्यातलं, साधं आणि जगभर ओळखीचं. कंपनीबाहेरच्या चांगल्या कारागिराचाही हात त्यावर बसलेला असतो. ३८६१ चं कोअ‍ॅक्शियल एस्केपमेंट (चाकांची गती टप्प्याटप्प्याने सोडणारा भाग) तसं कुणाच्याही हाती द्यायचं नाही.

१८६१ मधल्या, क्रोनोग्राफ थांबवणाऱ्या प्लास्टिकच्या ब्रेकला लोक हसतात. हसू देत. तो डेलरिनचा तुकडा तेलाशिवाय आपलं काम करतो.

वापरलेलं घेताना मालकाची गोड बोलणी ऐकण्याआधी बटणं दाब. दोन वाजण्याच्या जागचं बटण चालू आणि बंद करतं, चार वाजण्याच्या जागचं शून्यावर आणतं. शून्यावर आणल्यावर मोठा काटा बरोबर बारावर यायला हवा. अर्धा सेकंदही बाजूला थांबत असेल तर काटा सरकलेला आहे किंवा कुणीतरी ओबडधोबडपणे बसवलेला आहे. चालू करताना काटा थोडा उडी मारतो, तो दोष नाही. दात दातांत अडकण्याची ती पद्धत आहे. मग पूर्ण चावी देऊन टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल तपासायच्या उपकरणावर, ठेवायला सांग. १८६१ साठी लिफ्ट अँगल, म्हणजे यंत्रानुसार त्या उपकरणात भरायचा कोन, ५० अंश लावायचा. उपकरणावर आधीपासून असलेले ५२ तसेच राहू दिले तर अँप्लिट्यूड, म्हणजे आतल्या चक्राचा झोका, उगीच चांगला दिसतो. क्रोनोग्राफ बंद असताना आणि चालू असताना, दोन्ही आकडे बघ. चालू केल्यावर थोडा उतार पडणारच. दाणकन पडला तर तेल सुकलंय, आणि सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून माग. रोखीचा आग्रह धरणाऱ्याला नमस्कार कर. दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीत घेणं कायद्यानेच बंद आहे.

"स्पीडमास्टर रिड्यूस्ड" स्वस्तात समोर येईल. ३९ मिलिमीटरचं, ऑटोमॅटिक, दिसायला गोंडस. त्यात साध्या यंत्रावर क्रोनोग्राफचा वेगळा मजला चढवलेला असतो, म्हणून चावी आणि बटणं एका रेषेत नसतात. दुरुस्ती डोकेदुखीची. सोड. पांढऱ्या डायलचं २०२४ चं सुरेख आहे, पण ते सफायरमध्येच येतं. ३२१ क्रमांकाच्या यंत्राचं स्पीडमास्टर तुझ्या बजेटात बसत नाही, त्यावर वेळ घालवू नकोस.

मनगटावर घालून बघताना ४२ या आकड्यावर जाऊ नकोस, पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या-खालच्या टोकांमधलं अंतर बघ: सुमारे ४७.५ मिलिमीटर. मनगटाचा सपाट भाग पट्टीने मोज. टोकं बाहेर लोंबत असतील तर कितीही आवडलं तरी बसणार नाही. पट्टा दुपारी बसवून घे. उकाड्यात मनगट फुगतं, आणि सकाळी नेमका बसलेला पट्टा चार वाजता काचतो.

चावी सकाळी एका ठरावीक वेळी दे. ३८६१ पूर्ण चावीवर ५० तास चालतं, पण ती शेवटच्या थेंबापर्यंतची गोष्ट. अडेल तिथे थांब, जोर लावू नकोस. पाणी ५० मीटर लिहिलंय, म्हणजे पावसात भिजलं तर चालेल. ओल्या हाताने बटणं दाबायची नाहीत. आणि एक्स्प्रेस-वेवर शेजारी बसला असशील तर एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत क्रोनोग्राफ लावून बघ: ३६ सेकंद लागले तर काटा बेझलवरच्या १०० वर येईल. गाडी चालवताना मात्र नको.

बिल, वॉरंटी कार्ड आणि डबा तू घेशीलच. पट्ट्यातून काढलेल्या कड्या मागून घे, मोजून. नंतर एक कडी शोधायला गेलास की कळतं, ती किती महाग आहे ते.

तुझा,
काका