गाडी विकलीस, तरी विमा लागेल

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. फोनवर चार वाक्यांत सांगता आलं असतं, पण अशा गोष्टी लिहून समोर असलेल्या बऱ्या, म्हणून सविस्तर लिहिते आहे. त्या रात्रीबद्दल मी काही बोलणार नाही. कुणाला लागलं नाही हे केवढं नशीब, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळलंय, हे तुझ्या आवाजावरूनच समजलं.

"काकू, गाडी तर विकून टाकली, मग डीएमव्ही माझ्याकडे विमा कसला मागतेय?" असं तू विचारलंस. (डीएमव्ही म्हणजे लायसन्स देणारं इथलं राज्याचं वाहन खातं, आपल्या आरटीओसारखं.) आपल्याकडून आलेला जवळजवळ प्रत्येक मुलगा हेच विचारतो, आणि त्यात चूक काही नाही. आपण वाढलो तिथे विमा गाडीचा असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलाय, पण तो गाडीच्या नंबराला जोडलेला. गाडी विकली की विषय संपला. इथे डीएमव्ही तुझ्या गाडीची चौकशी करतच नाहीये. तिला एवढंच हवंय, की उद्या तू कुणाचीही गाडी घेऊन रस्त्यावर आलास आणि कुणाला धडक बसली, तर भरपाई कोण देणार ते आज सांग. डीयूआय, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा, झाल्यामुळे तुझं लायसन्स निलंबित आहे आणि तुझ्या नुसत्या शब्दावर आता ती विसंबत नाही. तिला जामीनदार हवाय, आणि तो जामीनदार म्हणजे विमा कंपनी.

एसआर-२२ म्हणतात तो विमा नव्हे. ते एक प्रमाणपत्र आहे. या माणसाची कायद्याला हवी तेवढी पॉलिसी आमच्याकडे चालू आहे, असं कंपनी परस्पर डीएमव्हीला कळवते. दाखल करायची फी फार नसते, साधारण २५ डॉलरच्या आसपास. महाग पडते ती त्यामागची पॉलिसी, कारण तुझं नाव आता जोखमीच्या यादीत गेलंय. पण गाडी नसलेल्यांसाठी नॉन-ओनर पॉलिसी असते. तिचा हप्ता गाडीवाल्याच्या पॉलिसीपेक्षा बहुतेक वेळा बराच कमी येतो, कारण कंपनीला कुठल्याच गाडीच्या डागडुजीचे पैसे द्यायचे नसतात. तुझ्यासाठी मला हीच योग्य वाटते.

ती घेण्याआधी मात्र तिच्यात काय येतं आणि काय येत नाही, हे नीट समजून घे. तू अधूनमधून दुसऱ्याची गाडी चालवलीस आणि तुझ्या हातून समोरच्याला इजा झाली किंवा त्याच्या गाडीचं नुकसान झालं, तर आधी गाडीमालकाचा विमा पुढे येतो. तो अपुरा पडला तर तुझा. तू चालवत होतास त्या गाडीचं जे मोडलं, त्याचा एक डॉलरही या पॉलिसीतून मिळत नाही. तुझ्या स्वतःच्या दवाखान्याचा खर्चही मिळत नाही.

आता तुमच्या घरातल्या कॅमरीबद्दल. चौघं जण एका अपार्टमेंटमध्ये राहता, गाडी एकाची, किल्ली दारामागच्या खिळ्याला. ज्याला भाजी आणायची असेल त्याने उचलायची. नॉन-ओनर पॉलिसी नेमकी अशा गाडीला चालत नाही. एकाच पत्त्यावर राहणाऱ्याची गाडी, किंवा मनात येईल तेव्हा हाताशी असणारी गाडी, तिच्यातून वगळलेली असते. तू ती चालवलीस आणि अपघात झाला तर तुझी कंपनी हात वर करेल, आणि तिचं म्हणणं बरोबर असेल. शिवाय मित्राच्या कंपनीला तुझ्या डीयूआयचा पत्ता लागला की ती त्याला दोनातलं एक करायला लावेल. एक तर तुझं नाव त्याच्या पॉलिसीत घालून त्याचा हप्ता वाढवायचा, नाहीतर तुला लेखी वगळायचं. वगळलं आणि तरी तू गाडी घेतलीस, तर त्या फेरीला विमाच नाही असं समज. म्हणून आजच मित्राला सगळं सांग आणि ती किल्ली त्याच्या खोलीत ठेवायला सांग. त्याच्यासाठीही ते गरजेचं आहे.

आणखी एक शक्कल मुलं लढवतात. गाडी मित्राच्या नावावर घ्यायची, पैसे आपण भरायचे, रोज आपणच चालवायची आणि कागदावर नॉन-ओनर राहायचं. या वाटेला जाऊ नकोस. क्लेम आला की कंपनी पत्ता, पार्किंग, गाडी सर्व्हिसिंगला कोण घेऊन येतो, सगळं खणून काढते. खोटी माहिती देऊन घेतलेली पॉलिसी रद्द करायचा हक्क तिला असतो. मग समोरच्याची भरपाई तुझ्या खिशातून.

रकमांचं सांगते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान मर्यादा वाढल्या आहेत. एका जखमी माणसामागे ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६० हजार, आणि मालमत्तेच्या नुकसानीला १५ हजार. त्याआधी हेच आकडे १५ हजार, ३० हजार आणि ५ हजार होते. इंटरनेटवर जुने आकडे अजून पडलेले आहेत, त्यांवर जाऊ नकोस. आणि भारतातल्या थर्ड पार्टीचा हिशोब डोक्यातून काढून टाक. तिथे मृत्यू किंवा इजा झाली तर न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी देते, वरची मर्यादा नसते. मर्यादा फक्त मालमत्तेला, साडेसात लाख रुपयांची. इथे आकडा संपला की कंपनीचं काम संपलं. उरलेली रक्कम तुझ्या बचतीतून आणि पगारातून वसूल होऊ शकते. १०१ हायवेवर एका माणसाला उचलून इमर्जन्सीत नेलं आणि एक शस्त्रक्रिया झाली, तर ३० हजार कुठल्या कुठे जातात. बे एरियात समोर टेस्ला असली तर १५ हजारांचंही तसंच. म्हणून माझा आग्रह आहे की किमानावर थांबू नकोस. माणसामागे एक लाख आणि अपघातामागे तीन लाख डॉलरच्या मर्यादेचा भाव मागून बघ. नॉन-ओनरमध्ये फरक पुष्कळदा परवडण्यासारखा असतो.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं आता येतं, म्हणून हा भाग दोनदा वाच. एसआर-२२ साधारण तीन वर्षं अखंड चालू राहावं लागतं. पॉलिसी बंद पडली, कारण काहीही असो, की कंपनीला डीएमव्हीला तसं कळवावंच लागतं. त्या सूचनेला एसआर-२६ म्हणतात. ती गेली की लायसन्स पुन्हा निलंबित. तुझा हेतू कुणी विचारत नाही. आमच्याकडे येणारी कितीतरी मुलं दुसऱ्यांदा अडकतात ती दारूमुळे नाही, हप्त्यामुळे. क्रेडिट कार्डाची मुदत संपली, नवीन कार्डाचा नंबर ऑटोपेला घालायचा राहिला. घर बदललं आणि कंपनीचं पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन पडलं. तीन महिने घरी जाऊन यायचं होतं, गाडी तर चालवायची नाही, मग हप्ता का भरा, म्हणून स्वतःच फोन करून पॉलिसी बंद केली. हे शेवटचं तर मी इतक्यांदा पाहिलंय की तुला बजावून सांगते: पुण्याला जा नाहीतर आणखी कुठे, पॉलिसी चालूच ठेव. जमलं तर वर्षाचे पैसे एकदम भर. जमत नसेल तर हप्ता बँक खात्यातून जाऊ दे, कार्डावरून नको. नूतनीकरणाच्या महिनाभर आधी फोनमध्ये आठवण लावून ठेव.

कंपनी बदलायचीच झाली तर क्रम लक्षात ठेव. नवीन पॉलिसी आधी सुरू करायची, नवीन एसआर-२२ डीएमव्हीकडे पोचल्याची खात्री करायची, आणि मगच जुनी बंद करायची. पुढे गाडी घेतलीस तरी असंच. गाडी नावावर आली की नॉन-ओनर पॉलिसी त्या गाडीला उपयोगाची राहत नाही, म्हणून डीलरकडे सही करायच्या आधी एजंटला फोन. तीन वर्षं होत आली की डीएमव्हीकडून नेमकी तारीख विचारून घे, आणि ती उलटल्याशिवाय एसआर-२२ बंद करायला सांगू नकोस.

घ्यायची कशी, ते सोपं आहे. प्रत्येक कंपनी नॉन-ओनर पॉलिसी देत नाही, आणि देणाऱ्यांपैकी सगळ्या एसआर-२२ दाखल करत नाहीत. तेव्हा पहिल्याच फोनवर दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांग: "मला एसआर-२२ सह नॉन-ओनर पॉलिसी हवी आहे." डीयूआय लपवू नकोस, ते त्यांना तुझ्या रेकॉर्डवर दिसतंच. दोन-तीन कंपन्यांचे भाव घे आणि एखाद्या स्वतंत्र ब्रोकरलाही विचार. ब्रोकर स्वतःची वेगळी फी लावू शकतो. ती किती, आणि पॉलिसी मोडली तर परत मिळते का, हे सहीआधी कागदावर बघ. त्याचं लायसन्स कॅलिफोर्नियाच्या विमा खात्याच्या साइटवर तपासता येतं.

पॉलिसी घेतली म्हणजे लायसन्स परत आलं, असं मात्र नाही. डीयूआय प्रोग्रॅममध्ये, म्हणजे अशा चालकांसाठीच्या सक्तीच्या वर्गांत, नाव घातल्याचा दाखला लागतो, डीएमव्हीची १२५ डॉलर फी लागते, आणि निलंबनाचा ठरलेला काळ जावा लागतो. कोर्टाचं आणि डीएमव्हीचं प्रकरण वेगवेगळं चालतं. कोर्टाचा दंड भरलास म्हणून डीएमव्हीची फाइल मिटत नाही. पहिल्या गुन्ह्याला ३० दिवसांच्या पूर्ण बंदीनंतर फक्त कामावर आणि प्रोग्रॅमला जाण्यापुरतं लायसन्स मागता येतं, आणि तिथेही एसआर-२२ लागतंच. श्वास तपासून गाडी सुरू होऊ देणाऱ्या यंत्राची जी दुसरी वाट आहे, तिच्यासाठी यंत्र बसवायला गाडी हवी. ती तुझ्याकडे नाही, तेव्हा यातलं तुला काय लागू पडतं ते वकिलाला विचार. कोर्टाने यंत्राची अट घातली असेल तर मित्राची असो की भाड्याची, यंत्र नसलेल्या गाडीला हात लावायचा नाही. डीएमव्हीच्या नोंदीत लायसन्स पुन्हा चालू झालेलं स्वतः पाहिल्याशिवाय स्टिअरिंगवर बसू नकोस.

तुझ्याकडे भारतातलं लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परमिट आहे, हे मला माहीत आहे. त्यावर चालवता येईल असं कुणीतरी तुला सांगेलच. चालत नाही. इथे निलंबित होतो तो या राज्यात गाडी चालवण्याचा तुझा अधिकार, नुसतं प्लास्टिकचं कार्ड नव्हे. डीयूआयच्या निलंबनात गाडी चालवताना सापडलास तर कॅलिफोर्नियात तुरुंगवासाची शिक्षा आहे.

वॉट्सअॅप ग्रुपवर विचारू नकोस, हेही सांगते. न्यूयॉर्कचा मित्र म्हणेल एसआर-२२ असलं काही नसतंच, आणि त्याच्या राज्यापुरतं ते खरं आहे. टेक्ससवाला दोन वर्षं सांगेल. फ्लोरिडात डीयूआयनंतर एसआर-२२ ऐवजी एफआर-४४ नावाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या मर्यादा एक लाख, तीन लाख आणि पन्नास हजार अशा आहेत. सगळे आपापल्या जागी बरोबर, तुझ्या कामाचा त्यातला एकही नाही. उद्या नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलास तरी कॅलिफोर्नियाची मागणी आपोआप मिटत नाही. इथली पॉलिसी मोडण्याआधी दोन्हीकडच्या खात्यांना विचार.

आता व्हिसा. हे माझं क्षेत्र नाही, पण न सांगता राहवत नाही. २०१५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं धोरण असं आहे की डीयूआयची नुसती अटक झाली तरी वकिलात पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकते. तुझा इथला एच-१बी दर्जा त्याने लगेच जात नाही. पण देशाबाहेर पडलास तर परत यायला नवा शिक्का लागेल, आणि त्याआधी त्यांच्या ठरवलेल्या डॉक्टरांकडे तपासणी सांगू शकतात. त्यात आठवडे जाऊ शकतात. डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे ना? तिकीट काढायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला भेट, आणि पुढे कुठल्याही फॉर्मवर अटकेचा प्रश्न आला की खरंच उत्तर दे. आईबाबांना सांगावं की नाही, हे तू ठरव. माझं मत विचारशील तर लग्नाला येणं अडलं म्हणून घाईघाईने कळण्यापेक्षा आधी तुझ्या तोंडून कळू दे.

खर्चाचीही खरी कल्पना देऊन ठेवते. तीन वर्षांनी एसआर-२२ सुटेल, पण चांगल्या ड्रायव्हरला मिळणारी सवलत कॅलिफोर्नियात डीयूआयनंतर दहा वर्षं मिळत नाही. गाडी घ्यायची घाई करू नकोस. सनीव्हेलला तुझ्या घरापासून कॅलट्रेन पायी गाठता येते, ऑफिसची बस आहे. निदान पहिलं वर्ष असंच निभावलंस तर पैसे वाचतील आणि डोकंही शांत राहील.

सोमवारी संध्याकाळी सहानंतर मला फोन कर. डीएमव्हीचं निलंबनाचं पत्र, लायसन्स नंबर आणि प्रोग्रॅममध्ये नाव घातल्याची पावती समोर ठेव. पत्रावरच्या तारखा मला वाचून दाखव, मग पॉलिसी कुठल्या दिवसापासून सुरू करायची ते दोघं मिळून ठरवू.

तुझी,
काकू