आईचीच किडनी, मग गोळ्या कशाला?

प्रश्न (रावेर तालुक्यातून एक वाचक): वय ३४. आईनं किडनी दिली त्याला दीड वर्ष झालं. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) १.१, तब्येत ठणठणीत, केळीच्या बागेत रोज जातो. पण गोळ्या काही सुटत नाहीत, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि वर स्टेरॉइड. चहाचा कप धरला की हात थरथरतो, शुगरपण वाढली. काका म्हणतात सख्ख्या आईची किडनी, ती काय परकी आहे का, "एक दिन गोई नही खादी त काय व्हई!" गुळवेलीचा काढा घे म्हणतात, प्रतिकारशक्ती वाढते म्हणे. आणि घरची केळी खाऊ का?

उत्तर: काकांचा प्रश्न वाटतो तितका वेडा नाहीये बरं का. १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिली यशस्वी किडनी बसवली ती एकसारख्या जुळ्या भावाची होती, तिथं शरीराला फरकच कळला नाही, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या असल्या गोळ्यांची गरजच पडली नाही. पण तुम्ही आईचे जुळे नाही ना! पेशींवर एचएलए नावाची जी ओळख असते ती प्रत्येकाला अर्धी आईकडून, अर्धी वडिलांकडून मिळते. म्हणजे आईची निम्मीच ओळख तुमच्याकडे आली, उरलेली निम्मी आली नाही, आणि ती त्या किडनीवर आहेच. तुमच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे परकं ओळखून हल्ला करणाऱ्या पेशी, नेमक्या तिच्यावरच उठतात. दीड वर्षात त्यांना सवय झाली असेल असं वाटतं ना, तसं होत नाही. रिपोर्ट चांगला येतोय तो गोळ्या चालू आहेत म्हणून, आणि लोक नेमका तोच चांगला रिपोर्ट बघून गोळ्या सोडतात, याचा मला फार राग येतो.

बरं, रिजेक्शन, म्हणजे शरीरानं ती किडनी नाकारणं, दुखत नाही हो. बऱ्याचदा ताप नाही, काही नाही, फक्त क्रिएटिनिन हळूच वर सरकतं. गोळ्या अधूनमधून चुकल्या तर शरीर त्या किडनीविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागतं आणि तसं नुकसान नंतर भरून काढणं फार अवघड जातं. एखादी वेळ चुकलीच तर पुढच्या वेळी डबल घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

गुळवेल नको म्हणजे नको. आपण पैसे मोजून जी प्रतिकारशक्ती दाबून ठेवतोय तीच काढा पिऊन वाढवायची?

हाताची थरथर आणि शुगर, दोन्ही टॅक्रोलिमसनं होऊ शकतं, शुगरला स्टेरॉइडपण हातभार लावतं. रक्तातली टॅक्रोलिमसची लेव्हल जास्त असेल तर डोस कमी होईल, पण तो डॉक्टर करतील, तुम्ही नाही. लेव्हल तपासायला जाताना सकाळची गोळी खाऊन जाऊ नका, खिशात ठेवा, रक्त दिलं की मग घ्या. नाहीतर आकडा खोटाच जास्त दिसतो.

आता केळी. रावेरच्या माणसाला केळी खाऊ नको सांगणं माझ्या जिवावर येतं! टॅक्रोलिमसनं पोटॅशियम वाढू शकतं आणि केळ्यात ते भरपूर, त्यामुळे शेवटच्या रिपोर्टातलं पोटॅशियम डॉक्टरांना दाखवून किती खायची ते ठरवा. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र पूर्ण बंद, त्यानं औषधाची लेव्हल चढते. बागेत जा, पण शेणखत उकरणं, बुरशी आलेली पोती झटकणं दुसऱ्या कोणाला सांगा, ती बुरशी फुप्फुसात जाते. आणि मे महिन्यात गोळ्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

प्रश्न (धुळ्याहून): वडिलांची किडनी बदलून ४ वर्षं झाली. खोकला होता म्हणून मेडिकलमधून क्लॅरिथ्रोमायसिन आणून दिलं, आठवड्यात हात खूप थरथरायला लागले, क्रिएटिनिन वाढलं. रिजेक्शन असेल का?

उत्तर: रिजेक्शन आहे की नाही ते तपासूनच कळेल, पण माझा पहिला संशय त्या अँटिबायोटिकवर. त्यानं लिव्हरमध्ये टॅक्रोलिमसचा निचरा अडतो, लेव्हल भरमसाट वाढते आणि वाढलेली लेव्हल किडनीलाच त्रास देते. आजच ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना कळवा, लेव्हल करून घ्या. टीबीच्या रिफॅम्पिसिननं याच्या उलटं होतं, लेव्हल एकदम पडते. खोकला दोन आठवडे राहिला तर टीबीची तपासणी पण करा, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी गोळ्यांची चिठ्ठी पुढे ठेवा. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन पण द्यायचं नाही.