नागपुरात बारावीनंतर लगेच पत्रकारितेची डिग्री घ्यावी की आधी साधं बीए करावं?

मराठी पेपरात रिपोर्टर व्हायचं असेल तर आधी राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असं काही घेऊन बीए कर, पत्रकारिता नंतर. मी काही वर्षं इथल्या डेस्कवर बातम्या तपासल्यात म्हणून सांगतो, नवीन पोरांना बातमीचा इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा परिच्छेद, महिनाभरात जमतो, पण महापालिकेचं बजेट वाचता येत नाही किंवा जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटला असं लिहून टाकतात, ते काही महिनाभरात शिकवता येत नाही. तसंही आपल्याकडे पत्रकार व्हायला वकिलासारखी सनद लागत नाही, आणि अमरावतीच्या आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्था) पत्रकारितेच्या डिप्लोमाला कोणत्याही शाखेची डिग्री चालते. बीए करता करता हे मात्र सुरू ठेव:

- युनिकोडमध्ये मराठी टायपिंग (हसू नको, इथेच बरेच जण अडकतात)
- माहिती अधिकाराचा एखादा अर्ज स्वतः करून पाहा, फी १० रुपये
- १९५३ च्या नागपूर करारामुळे (विदर्भाला महाराष्ट्रात घेण्यासाठी नेत्यांनी केलेला करार) आपल्याकडे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन होतं, बहुतेक डिसेंबरात, तेव्हा मोर्चे कुठं अडवतात, निवेदन कोण घेतं हे जाऊन बघ, हायकोर्टाचं खंडपीठही इथंच आहे, असं सगळं एका शहरात फार ठिकाणी नसतं

फक्त कॅमेरा, एडिटिंग, जाहिरात किंवा पीआर (जनसंपर्क) डोक्यात असेल तर मग सरळ मास कॉमची डिग्री घे, पण अॅडमिशनच्या आधी कॉलेजात जाऊन स्टुडिओ खरंच चालू आहे का ते बघून ये, ब्रोशरमधला फोटो धरू नको.