वाचकांचे प्रश्न : युद्धाची आठवण कोण कशी ठेवते?

प्रश्न : मी सोलापुरात राहणारी, निवृत्त झालेली इतिहासाची शिक्षिका आहे. दरवर्षी १२ जानेवारीला मी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालायला जाते. माझा नातू मेलबर्नला शिकतो. यंदा २५ एप्रिलला भल्या पहाटे तो तिथल्या स्मारकापाशी जाऊन आला आणि फोनवर म्हणाला, “आजी, हे लोक हरलेल्या लढाईचा दिवस पाळतात.” विजयाचा दिवस समजतो, पण पराभवाचा दिवस एखादे राष्ट्र का जपत असेल? आणि या साऱ्यात आपली रीत कोणती?

उत्तर : बाई, आपल्या नातवाने पाहिले ते खरे आहे. २५ एप्रिल १९१५ च्या पहाटे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले आणि सुमारे आठ महिन्यांनी, हाती काहीही न लागता, माघारी फिरले. एकट्या ऑस्ट्रेलियाचे आठ हजारांहून अधिक तरुण तिथे कामी आले. वेगवेगळ्या वसाहती एकत्र येऊन तो देश १९०१ मध्ये झालेला; साऱ्या देशाने मिळून सुतक धरावे असा हा त्याचा पहिलाच मोठा प्रसंग होता, म्हणून जय-पराजयाचा हिशेब मागे पडला आणि पहाट तेवढी राहिली. तुर्कस्तान मात्र त्याच मोहिमेची आठवण १८ मार्चला ठेवतो, कारण १९१५ मध्ये त्या दिवशी त्याने इंग्रज आणि फ्रेंच युद्धनौकांना सामुद्रधुनीतून परतवून लावले होते. गॅलिपोलीत शीख आणि गुरखा पलटणीही लढल्या. आपल्या दिनदर्शिकेत यांतली एकही तारीख नाही.

पराभव जपणे मराठी माणसाला परके नाही. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताचा आपण दिवस फारसा पाळला नाही, पण त्याला भाषेत कायमचे घर दिले. परीक्षेत नापास झालेल्या मुलाचेही ‘पानिपत’ होते आणि ‘विश्वास पानिपतात गेला’ असे आपण आजही म्हणतो. त्या पराभवाचा जो सांकेतिक निरोप नानासाहेब पेशव्यांकडे आला असे परंपरा सांगते, त्यात दोन मोत्ये गळाल्याचे आणि सत्तावीस मोहरा हरपल्याचे मोजून सांगितले होते; खुर्दा, म्हणजे साधे शिपाई, किती गेला याची मात्र गणती नव्हती. मला वाटते, कोणत्याही देशाच्या स्मारकापुढे उभे राहिल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा, की इथे खुर्दा मोजला आहे का?

पूर्वी तो सहसा मोजला जात नसे. राजे आणि सेनापती यांचे पुतळे उभे राहत. आपल्याकडचा वीरगळ हा त्याला एक सन्माननीय अपवाद आहे. सोलापूर जिल्ह्यातील जुन्या देवळांच्या आवारात असे दगड पाहायला मिळतात. खालच्या चौकटीत लढाई, कधी गुरे पळवणाऱ्यांशी झालेली झटापट. मधल्या चौकटीत वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहो. बहुतेक दगडांवर नाव नसते, पण हा मान एखाद्या साध्या गावकऱ्यालाही मिळू शकत असे.

युरोपात हे चित्र पालटले ते पहिल्या महायुद्धाने. १९१७ मध्ये ब्रिटिश साम्राज्याने युद्धातील कबरींसाठी आयोग नेमला आणि अधिकारी असो वा शिपाई, सर्वांच्या कबरीवर सारख्याच आकाराचा दगड बसवायचा असे ठरवले. ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी अकरा वाजता तोफा थांबल्या. पुढच्या वर्षापासून त्या क्षणी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची प्रथा सुरू झाली. लंडनच्या मुख्य स्मारकावर कोणाचा पुतळा नाही. ती एक रिकामी समाधी आहे, आणि ज्या घरात मृतदेह परत आला नाही त्या प्रत्येक घराला ती आपली वाटू शकते.

आता आपल्या खुर्द्याचे काय झाले ते पाहावे. या युद्धात भारताचे सुमारे ७४,००० सैनिक मृत्यू पावले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पडलेल्यांच्या बसरा येथील स्मारकाशी ब्रिटिशांची नावे जोडली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही जोडली गेली. साध्या भारतीय शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आकडे दिले गेले. सर्वांना समान मान देण्याचे वचन देणाऱ्या त्याच आयोगाने याबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये. सातारा आणि कोकणाकडच्या काही गावांत अजूनही तेव्हाच्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकही नाही. चावडीच्या भिंतीतल्या अशा पाटीपुढे उभे राहिले की मला गलबलून येते, कारण ज्यांची ती आहे त्यांचे पणतू कदाचित समोरच्याच कट्ट्यावर बसलेले असतात आणि त्यांना ते ठाऊक नसते.

आणि बाई, आपल्या १२ जानेवारीशी जुळणारी एक तारीख आपल्याला मुद्दाम सांगायची आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिले १२ जानेवारी १९३१ ला. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १२ फेब्रुवारीला, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी दिल्लीत इंडिया गेटचे उद्घाटन केले. साम्राज्यासाठी मेलेल्यांची कमान आणि साम्राज्याने मारलेल्यांचा फास, दोन्ही एकाच सरकारच्या हातचे. स्वतंत्र भारताने त्याच कमानीखाली १९७२ मध्ये अमर जवान ज्योत पेटवली आणि २०१९ मध्ये शेजारी स्वतःचे राष्ट्रीय युद्धस्मारक उभारले, ज्यावर २५,००० हून अधिक जवानांची नावे आहेत.

इतर देशांपैकी दोघांचा उल्लेख करतो. वॉशिंग्टनमध्ये १९८२ मध्ये व्हिएतनाम युद्धाची काळ्या ग्रॅनाइटची भिंत उभी राहिली. तिच्यावर ५८,००० हून अधिक नावे हुद्दा न लिहिता, मृत्यूच्या क्रमाने कोरली आहेत; लोक नावावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि तो ठसा घरी नेतात. त्याच युद्धात मेलेल्या लाखो व्हिएतनामींना त्या भिंतीवर जागा नाही, आणि व्हिएतनाम त्या युद्धाला ‘अमेरिकी युद्ध’ म्हणतो. दुसरा देश जर्मनी. बर्लिनच्या मध्यवर्ती स्मारकात मेलेल्या मुलाला कुशीत घेतलेली आई आहे, केटे कोलवित्स या शिल्पकार स्त्रीने घडवलेली. तिचा स्वतःचा मुलगा १९१४ मध्ये रणांगणावर मारला गेला होता. वरच्या छताला मधोमध गोल झरोका आहे आणि पाऊस व बर्फ थेट त्या आईच्या अंगावर पडतात. आपल्या देशाने इतरांवर केलेला अन्याय राजधानीच्या मधोमध मान्य करण्याचे धैर्य जर्मनीने दाखवले, आणि मी पाहिलेल्या-वाचलेल्या स्मरणरीतींत ती मला सर्वांत कठीण व म्हणून सर्वांत मोठी वाटते.

प्रश्न : सोलापूरच्या डॉ. कोटणीसांना चीनमध्ये अजूनही मानतात असे ऐकतो. १९६२ नंतरही ते टिकले का?

उत्तर : टिकले. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानविरुद्धच्या युद्धात रुग्णसेवा करत तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आणि पुतळा आहे; एप्रिलच्या सुरुवातीला पितरांच्या समाध्या झाडण्याचा चिंगमिंगचा सण येतो, तेव्हा लोक तिथे फुले वाहतात. चीन त्या युद्धाला केवळ महायुद्धाचा एक भाग न मानता स्वतःच्या प्रतिकाराचे युद्ध मानतो. २०१७ पासून तिथली पाठ्यपुस्तके ते १९३७ ऐवजी १९३१ पासून मोजतात. त्या कथेत मदतीला धावलेल्या परदेशी वैद्याला मानाची जागा आहे, म्हणून सीमेवरच्या युद्धानेही ती हलली नाही. कोटणीस आणि त्यांच्या चिनी पत्नी गुओ चिंगलान यांनी मुलाचे नाव यिनहुआ ठेवले होते. त्यातला यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. भैय्या चौकातील त्यांच्या जन्मघरी आता स्मारक आहे. वरच्या प्रश्नकर्त्या बाईंनी आणि आपण मिळून येत्या ९ डिसेंबरला शाळेची चार मुले तिथे न्यावीत, अशी माझी विनंती आहे.